चौदा लाद्यांचा हॉल

बदलापूर-अंबरनाथमधल्या निम्म्या घरांच्या भिंती कुमुदिनी शेलारच्या पाठीला माहीत होत्या. विकायला काढलेल्या फ्लॅटचे फोटो काढणं हे तिचं काम. हॉल, बेडरूम, किचन, असलीच तर बाल्कनी. खोलीतलं जास्तीत जास्त कॅमेऱ्यात मावावं म्हणून ती मागे मागे सरकत जायची आणि भिंतीला पाठ टेकली की थांबायची. कधी फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत अंग चोरून उभी राहायची, कधी संडासाच्या उंबऱ्यावर. कात्रपच्या एका वन आरकेत तर ओट्यावर चढून बसली होती. घरमालकीण म्हणाली, "अहो, गॅस गरम आहे," तेव्हा खाली उतरली. एवढं करून फोटोत अर्धाच सोफा यायचा.

वय सत्तेचाळीस. नवऱ्याचा, हरिचंद्रचा, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात फोटो स्टुडिओ होता. लग्न होऊन आली तेव्हा तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. पण पासपोर्ट फोटो काढताना पदर नीट करायला, टिकली सरळ करायला बाई माणूस लागायचं, म्हणून ती स्टुडिओत बसायला लागली आणि बसता बसता शिकली. पुढे जो तो मोबाइलवर फोटो काढायला लागला. स्टुडिओच्या जागी आता मोमो मिळतात. हरिचंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला. एक कॅमेरा विकायचा राहून गेला, त्यावर कुमुदिनीचं हे काम सुरू झालं.

काम देणारा सुजित. तिशीतला इस्टेट एजंट, गळ्यात हेडफोन, बोलता बोलता दुसरा फोन घेणारा. श्रावणात एका दुपारी त्याने तिला मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एक तिने काढलेला, एक कल्याणच्या कुणीतरी काढलेला.

"ताई, तुमच्या फोटोत हॉल बाथरूमएवढा दिसतो."

"हॉल आहेच तेवढा."

"आहे ते मला माहितीये. बघणाऱ्याला कशाला सांगायचं? हा बघा. सेम बिल्डिंग, सेम फ्लॅट, वरचा मजला. क्रिकेट खेळाल यात. पोराकडे वाइड लेन्स आहे."

"म्हणजे आता मी घ्यायची."

"मी घ्या म्हणत नाही. पण कस्टमर फोटो बघून येतो, ताई. फोटो आवडला नाही तर तो माझ्याकडे येतच नाही, मग मी तुमच्याकडे कशाला येऊ?"

हे त्याने हसत सांगितलं, म्हणून तिला जास्त लागलं.

संध्याकाळी तिने हरिचंद्रला विचारलं. तो बनियनवर बसून नखं कापत होता.

"वाइड घे, पण सांभाळून," तो म्हणाला. "कडेची माणसं फुगतात त्यात. चामटोलीच्या लग्नात मी नवऱ्याच्या मामाला ग्रुपमध्ये कडेला उभा केला होता. अल्बम परत आला. मामा म्हणाला, माझं डोकं दुधी भोपळ्यासारखं का?"

"होतंच असेल तसं."

"होतं. पण तेवढं नव्हतं."

"मी माणसांचे फोटो काढत नाही, खोल्यांचे काढते."

"मग खोल्या फुगतील," हरिचंद्र म्हणाला आणि दुसऱ्या पायाकडे वळला.

दोन दिवसांनी ती तीन रिक्षा बदलून उल्हासनगर कॅम्प एकला गेली. घनश्यामदासांचं दुकान तिला स्टुडिओच्या दिवसांपासून माहीत होतं. रोल, फोटोपेपर, बॅकग्राउंडचे पडदे, सगळं तिथूनच यायचं. दुकान म्हणजे एक बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने काउंटरला पोट चिकटवायचं. घनश्यामदास आता सत्तरीला आले होते. चष्म्याच्या वरून पाहत म्हणाले, "आओ ताई, बसा. हरिचंद्र कसा आहे? जिंदा आहे ना?"

"आहे. स्टोअर सांभाळतो."

"अच्छा आहे. पगार तो येतो. आमच्याकडे फक्त जुने लोक येतात, गप्पा मारून जातात."

तिने काय हवं ते सांगितलं. त्यांनी काउंटरवर फडकं पसरलं आणि त्यावर तीन लेन्स मांडल्या.

पहिली सेकंडहँड, पण जाडजूड, वजनदार, पुढे मोठी काच. मोठ्या लग्नांत फोटोग्राफरच्या गळ्यात असते तशी. कुमुदिनीचा हात आधी तिच्याकडेच गेला. अशी लेन्स लावून कुणाच्या घरात शिरलं तर कुणी फ्रिजमागे उभं राहायला सांगणार नाही, असं तिला वाटलं.

"देखने में राजा है," घनश्यामदास म्हणाले. "लेकिन ताई, ही मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा. तुमची आत्ताची लेन्स अठरापासून चालू होते, ही सतरापासून. आकडा जितका कमी तितकं जास्त मावतं. एका आकड्यासाठी एवढं वजन उचलणार काय?"

तिने ती खाली ठेवली. एवढं सरळ सांगणारा दुकानदार आता दुसरीकडे मिळाला नसता, हे तिला कळत होतं. तरी थोडं वाईट वाटलंच.

दुसरी आठची. कॅमेऱ्यावर लावून पाहिली तर दुकानाचं दार मडक्यासारखं गोल झालं, वरची ट्यूबलाइट धनुष्यासारखी वाकली.

"इसमें पूरा घर आएगा," ते म्हणाले, "लेकिन गोल आएगा."

तिसरी दहा-अठराची. काळी, बुटकी, हातात काहीच नसल्यासारखी हलकी.

"प्लॅस्टिक आहे का ही?"

"प्लॅस्टिक है. इसीलिए आपकी गर्दन बचेगी."

तिने ती कॅमेऱ्यावर चढवली, दहावर फिरवली, सवयीने मागे सरकत दाराला पाठ लावली आणि एक फोटो काढला. मग दोघांनी मिळून स्क्रीन पाहिला. सहा फुटी बोळाचा मंगल कार्यालयाएवढा हॉल झाला होता. काउंटर दूर दूर गेला होता. रेषा मात्र सरळ होत्या, कपाटं कुठे वाकली नव्हती.

"ये फोटो किसी को मत दिखाना," घनश्यामदास म्हणाले. "मुन्सिपालटीवाले टॅक्स वाढवतील."

कुमुदिनी हसली. हसताना तिचं लक्ष फोटोच्या कडेला गेलं. घनश्यामदासांचा काउंटरवर टेकलेला हात तिथे आला होता. कोपरापासून बोटांपर्यंत लांबच लांब, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. तिने कॅमेरा बंद केला. तीच लेन्स घेतली.

नव्या लेन्सचं पहिलं काम देवस्थळींचं निघालं. अंबरनाथ पूर्वेला एका कारखान्यातल्या अधिकाऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी मिळून बांधलेली सोसायटी, तीन मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर शरदचंद्र आणि मालिनी देवस्थळी. ते सत्याहत्तर वर्षांचे, त्या बहात्तरच्या. शरदचंद्र मोरीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. स्ट्रेचरवरून चौघांनी वर आणलं, ते वरच राहिले. वॉकर घेऊन खुर्चीपासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून खुर्चीपर्यंत. आठ महिन्यांत ते खाली उतरले नव्हते.

म्हणून घर विकायला काढलं होतं. हेंद्रेपाड्यात एका निवृत्त मास्तरांचा तळमजल्याचा फ्लॅट मालिनीकाकूंनी ठरवून ठेवला होता. पुढे ओटा, ओट्यावर जास्वंद, ओट्यावरून उतरलं की रस्ता. मास्तर भले होते, पण त्यांनाही नाशिकला मुलीकडे जायचं होतं. ते म्हणाले होते, "दसऱ्यापर्यंत थांबतो. पुढे मला जमणार नाही." हे घर विकल्याशिवाय ते घर घेता येणार नव्हतं.

हे सगळं मालिनीकाकूंनी कुमुदिनीला चहा गाळता गाळता सांगितलं. तोवर सुजित घर आवरत होता. त्याचे नियम ठरलेले. कॅलेंडर काढायचं, औषधांचा डबा आत, दोरीवरचे कपडे आत, वॉकर आत, माणसं आत. गाडीच्या डिकीतून तो क्रीम रंगाची एक मोठी सतरंजी आणायचा, तिला रग म्हणायचा. ती हॉलच्या मधोमध पसरली की खाली जुनी लादी दिसायची नाही.

"काका, पाच मिनिटं आतल्या खोलीत," सुजित म्हणाला.

खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीतून शरदचंद्रांना उठवायला मालिनीकाकू आणि सुजित दोघं लागले. एक हात वॉकरवर, एक हात काकूंच्या खांद्यावर, मध्ये थांबत, दम घेत, ते आत जाईपर्यंत दहा मिनिटं गेली. खुर्ची सुजितने गॅलरीत नेऊन ठेवली.

कुमुदिनीने लेन्स दहावर फिरवली. कोपऱ्यात पाठ टेकली. भिंत थंड होती. फोटो काढला आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं आलं होतं, दोन्ही कोपरे, अख्खा सोफा, खिडकी, किचनचं दार. पहिल्यांदाच तिला काही सोडावं लागलं नव्हतं.

"अगंबाई," मालिनीकाकू स्क्रीन पाहून म्हणाल्या, "हे आपलं घर?" त्यांचा चेहरा असा उजळला की कुमुदिनीलाही बरं वाटलं. "मला एक कॉपी दे हं. माझ्या बहिणीला दाखवायचीय. ती नेहमी म्हणते, तुमच्याकडे यायचं तर बसायचं कुठे."

शरदचंद्रांनीही फोटो पाहिला, चष्मा लावून, बराच वेळ.

"ही खिडकी इतकी लांब कधी गेली?"

"लेन्समुळे दिसतं तसं, काका."

"हं," ते म्हणाले. "मग आता मला खिडकीपाशी न्या. जवळच्या."

फोटो वेबसाइटवर चढले आणि सुजितचे फोन वाजायला लागले. लोक यायला लागले. पाच आठवड्यांत चौदा कुटुंबं आली. दर वेळी मालिनीकाकू लादी पुसायच्या, चहाचं आधण ठेवायच्या आणि शरदचंद्रांना आतल्या खोलीत न्यायच्या, कारण सुजितने सांगितलं होतं, पेशंट दिसला की लोकांचं मन मोडतं. लोक जिना चढून धापा टाकत यायचे, दारातून आत पाऊल टाकायचे आणि थबकायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "फोटोत मोठं वाटत होतं."

हे एकच वाक्य. कुणी हसत म्हणायचं, कुणी बायकोकडे बघून, कुणी नुसतं डोळ्यांनी. चहा घ्यायचे आणि जायचे.

कुमुदिनीला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं काम फोटो देऊन संपायचं. गणपती झाले, पितृपक्ष लागला. त्याच सोसायटीत दुसरं एक काम निघालं म्हणून ती आली आणि काकूंनी मागितलेली प्रिंट द्यायला वर चढली. काकूंनी ती हातात घेतली, पाहिली आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये उलटी ठेवली.

"बहिणीला पाठवणार होतात ना?"

"राहू दे. ती यायची आणि बघायची." काकू सोफ्यावर बसल्या. "सदतीस वर्षं राहतेय मी इथे, कुमुदिनी. दोन मुली इथून उजवल्या. सासूबाई इथेच गेल्या. मला कधी लहान वाटलं नाही हे घर. आता दारातून आत आले की मलाच वाटतं, फोटोत मोठं होतं."

तेवढ्यात बेल वाजली. सुजित पंधरावं कुटुंब घेऊन आला होता; त्याची सतरंजी त्याने सकाळीच येऊन हॉलमध्ये पसरून ठेवली होती. काकू घाईने उठल्या, पण शरदचंद्र खुर्चीतून अर्धे उठले होते तोवर माणसं आत आलीच. काकूंनी त्यांना तसंच आत नेलं, त्यामुळे त्यांची पाठमोरी आकृती सगळ्यांनाच दिसली.

आलेले तिघं. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचं शेतकरी कुटुंब. मुलगा प्रज्वल एमआयडीसीत सुपरवायझर, सून तेजल अंबरनाथमध्येच एका दवाखान्यात रिसेप्शनला, आणि त्याची आई कौसाबाई. नऊवारीचा कासोटा, पायात रबरी चप्पल, ती त्यांनी दाराबाहेर नीट जोडून ठेवली. कौसाबाई आत आल्या आणि हॉलकडे न बघता खाली बघायला लागल्या.

"ही सतरंजी परवाच्या घरात व्हती ना?"

सुजितने फोन कानाला लावला.

"त्याच्या आदल्या घरात पण व्हती," कौसाबाई म्हणाल्या. त्यांनी पायाच्या अंगठ्याने सतरंजीची कड उचलली, वाकून हाताने गुंडाळत पार सोफ्यापर्यंत नेली. खाली पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची जुनी मोझेक लादी, बारा इंच बाय बारा. कौसाबाई एकेका लादीवर पाऊल ठेवत खिडकीकडून दाराकडे चालत गेल्या.

"चौदा," त्या म्हणाल्या. मग आडव्या चालल्या. "धा."

"आई, चालतं ना," प्रज्वल पुटपुटला. "आपल्याला किती लागतं?"

"मना माझी खाट लावायची हाय. साडेसहा लाद्या लांब, तीन रुंद. फोटूत बघून मी म्हटलं, खाट लावून वर धा मान्सं जेवाया बसतील." त्या कुणावर रागावल्या नव्हत्या. "घर बारीक असंल तर बारीक. आमचंबी बारीकच हाय. पण आदुगर सांगाया काय जातं? जो लादी झाकतो तो आनखी काय काय झाकंल."

तेजल किचनच्या दारात उभी राहून ओटा पाहत होती, आणि मग आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसलेल्या शरदचंद्रांकडे. त्यांनी तिला हात हलवून नमस्कार केला. तिनेही केला. मग ती माणसं गेली. चहा तसाच राहिला.

सुजित त्यांना खाली सोडायला गेला तेव्हा आतून शरदचंद्रांनी हाक मारली. "त्या फोटोवाल्या बाईंना जरा बोलाव."

कुमुदिनी आत गेली. तिला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिची तयारी होती. दिवसभर उभी होती, आणखी थोडं ऐकून घेतलं असतं.

"बसा," ते म्हणाले. "मी कारखान्यात काय होतो माहितीये? हेड ड्राफ्ट्समन. एकतीस वर्षं मशीनची ड्रॉइंगं काढली. नवीन मशीनचं चित्र साहेबांना दाखवायचं असलं की आम्ही त्याच्या शेजारी एक माणूस काढायचो. त्याला नाव ना गाव. नुसता उभा. कशाला?"

"मापासाठी," कुमुदिनी म्हणाली.

"मापासाठी. मशीन केवढं ते त्या माणसावरून कळायचं. तुमच्या फोटोत लादीही नाही आणि माणूसही नाही. मग बघणारा मनाला येईल तेवढं मोठं धरतो. चूक त्याची नाही."

"मला तसेच काढायला सांगतात, काका."

"सांगणारच. ती लेन्स किती आकड्यावर लावली होती?"

"दहा."

"दहालाच लावावी लागते?"

तिने मान हलवली. "अठरापर्यंत फिरते. दहावर नेता येते म्हणून नेते."

"मग फिरवा," शरदचंद्र म्हणाले. "आणि मला खुर्चीत बसवा. लादी उघडी ठेवा."

मालिनीकाकू दारात उभ्या होत्या. "अहो, म्हणजे आता तुम्ही तो नाव नसलेला माणूस होणार?"

"नाहीतरी बसलेलोच आहे. निदान उठून आत जायचं वाचेल. पंधरा वेळा गेलो, मालिनी. आज आता परत नाही जायचं मला."

काकूंनी वॉकर त्यांच्यापुढे आणून ठेवला.

सुजित वर आला तेव्हा सतरंजी गुंडाळून जिन्यात उभी केली होती आणि कुमुदिनी किचनच्या दारात ट्रायपॉड लावत होती.

"हे काय? ताई, म्हातारा माणूस फोटोत? लोकांना वाटेल फ्लॅटबरोबर येतात."

"ऐकू येतंय हं मला," शरदचंद्र खुर्चीतून म्हणाले.

"सॉरी काका. पण ताई, असं कोणी टाकत नाही."

"पाच आठवडे तुझ्या पद्धतीने झालं," कुमुदिनी म्हणाली. "किती वेळा चढलास तीन मजले?"

सुजित जिन्यातल्या सतरंजीला टेकून उभा राहिला. बसल्या बसल्या गुडघा चोळतात तसा त्याने उभ्यानेच चोळला. तेव्हा तिला दिसलं की हाही दमलाय.

तिने लेन्स फिरवत फिरवत पंधरावर आणली. कॅमेरा लाइटच्या बटणांच्याही खाली, कमरेइतक्या उंचीवर ठेवला, म्हणजे भिंती मागे झुकत नाहीत. डावीकडचा अर्धा सोफा गेला, तो तिने जाऊ दिला. शरदचंद्रांना मधल्या भागात घेतलं, कडेला नाही. दुधी भोपळा तिला आठवला. स्क्रीनवर चौदा फुटांचा हॉल चौदा फुटांचा दिसत होता. एक म्हातारा माणूस खिडकीपाशी बसला होता, त्याच्या पायापासून दारापर्यंतच्या लाद्या मोजता येत होत्या.

सुजितने फोटो टाकला. "माझं नाव खराब झालं तर बघा," एवढं म्हणून टाकला.

पुढच्या दहा दिवसांत तीनच फोन आले. आधी एवढे एका सकाळीत यायचे. सुजितने ते कुमुदिनीला दोनदा ऐकवलं. नवरात्र बसलं होतं, मास्तरांची मुदत नऊ दिवसांवर आली होती. रात्री पाठ शेकताना तिला वाटायचं, आपण कशाला मध्ये पडलो. तिने हरिचंद्रला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू फोटो बरोबर काढलास. बरोबर फोटोला गिऱ्हाईक कधी होतं? स्टुडिओत पण लोक म्हणायचे, गोरा करून द्या."

तीन फोनांपैकी एक तेजलचा होता. पुढे काय झालं ते मालिनीकाकूंनी नंतर कुमुदिनीला फोनवर दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगतानाही त्या हसत होत्या.

तेजलने सासूला मोबाइलवर नवा फोटो दाखवला होता आणि फक्त एवढं म्हणाली होती, "आई, हे एक घर बघा." कौसाबाईंना ते दुसरंच घर वाटलं. आधीच्या फोटोतला तो लांबलचक हॉल इथे कुठेच नव्हता. त्यांनी पाड्यावर ओट्यावर बसून, बोटांनी फोटो मोठा करून लाद्या मोजल्या. चौदा दिसल्या. खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मानूस बरा वाटतो. घर दावतोय, झाकत नाय. बघू."

सोसायट्या कौसाबाईंना सगळ्या सारख्याच दिसायच्या, पण जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर निळ्या ड्रममध्ये लावलेला, मागच्या वेळीही पाहिलेला गवती चहा दिसला तेव्हा त्या थांबल्या.

"तेजल. हे त्येच घर हाय."

"हो, आई."

"तुला ठावं व्हतं?"

"काकांना मागच्या वेळी आत बसलेलं बघितलं होतं ना. फोटोत लगेच ओळखले."

"मंग बोलली का नाय?"

"बोलले असते तर आला असतात?"

प्रज्वल दोघींच्या मागे भिंतीकडे बघत उभा राहिला. कौसाबाईंनी सुनेकडे एकदा नीट पाहिलं. सूनही हटली नाही. तिचा दवाखाना इथून चालत सात मिनिटांवर होता, आणि पाड्यावरून रोजचा दीड तासाचा प्रवास ती तीन वर्षं करत होती.

"दोन मजले चढलेच हाय," कौसाबाई शेवटी म्हणाल्या, "तर पानी पिऊन जाऊ."

वर शरदचंद्र खुर्चीतच होते. या वेळी त्यांना कुणी उठवलं नाही. कौसाबाईंनी लाद्या मोजल्या नाहीत, पाणी प्यायल्या आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, हितं वारा येतो?"

"येतो. दुपारी तीननंतर ऊन येतं. तेव्हा खुर्ची दोन लाद्या मागे घ्यायची. पाच वाजता परत पुढे."

"आनि पाऊस?"

"त्या कोपऱ्यातून येतो, भिंतीला ओल धरते. मागच्या वर्षी प्लॅस्टर केलं, तरी येणार. आधीच सांगून ठेवतो."

सुजितने कपाळाला हात लावला, असं काकूंनी सांगितलं. कौसाबाईंनी मात्र ओलीचा कोपरा जाऊन हाताने चाचपला, परत आल्या, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"खाट हितंच लागंल," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागी. तुमी उठल्यावर."

"मी लगेच उठतो," शरदचंद्र म्हणाले, "फक्त उठवायला दोघं लागतात."

दसऱ्याच्या तीन दिवस आधी मास्तरांना बयाणा गेला, आणि कागदपत्रं होऊन दिवाळीनंतर देवस्थळी हेंद्रेपाड्याला आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून शरदचंद्रांना तीन मजले खाली आणलं. प्रज्वलने एक बाजू धरली होती, सुजितने दुसरी. प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं. खाली आल्यावर शरदचंद्रांनी काही वेळ टेम्पोत चढायला नकार दिला. नुसते सोसायटीच्या गेटपाशी रस्त्यावर बसून राहिले. मालिनीकाकूंनी ड्रॉवरमधली प्रिंट घरातच सोडली. बहिणीला म्हणाल्या, "ये आता. बसायला ओटा आहे."

कुमुदिनी त्या दिवशी तिथे नव्हती. तिला बदलापूर पूर्वेला काम होतं.

"ताई, या वेळी माणूस नको हं फोटोत," सुजितने फोनवर बजावलं होतं. "काका स्पेशल केस होते. रग वॉचमनकडे ठेवलाय, तेवढा घ्या."

"बरं," ती म्हणाली होती.

चौथा मजला, लिफ्ट बंद. वॉचमनच्या केबिनमधली सतरंजी चांगलीच जड होती. ती तिने उचलून पाहिली आणि परत ठेवली. कॅमेऱ्याची बॅग आणि ट्रायपॉड घेऊन ती एकेक पायरी चढत वर गेली. दार एका पन्नाशीच्या बाईने उघडलं. हात ओले, साडीचा पदर खोचलेला. घर आवरून ठेवलं होतं, कॅलेंडर काढलेल्या जागी भिंतीवर चौकोन उमटला होता.

"मी आत जाऊ का?" बाईने विचारलं. "एजंट म्हणाले, मध्ये यायचं नाही."

कुमुदिनीने लेन्स चढवली. हात सवयीने दहाकडे गेला. तिने तो परत फिरवला.

"तुम्ही रोज कुठे बसता?"

"मी?" बाई गोंधळली. तिने सोफ्याकडे पाहिलं, मग टीव्हीसमोरच्या खुर्चीकडे, मग खिडकीकडे. "सोफ्यावर हे बसतात. खुर्ची मुलाची. मी... मी कुठे बसते?" ती खरंच विचार करत होती. "भाजी निवडायला बसते कधीतरी. किचनच्या दारात, खाली."

"मग तिथे बसा," कुमुदिनी म्हणाली. "अवघडून नका बसू. भाजी असेल तर घ्या पुढ्यात."

बाईने आतून मेथीची जुडी आणि ताट आणलं आणि उंबऱ्याला टेकून लादीवर बसली. कुमुदिनी मागे सरकत गेली, भिंतीला पाठ लागेपर्यंत.